प्राध्यापकहो, तुमचं संशोधन गरिबांच्या कामी कसं येईल?

महाविद्यालयांत शिकवणारी मंडळी आणि पीएच.डी. करणारे तरुण एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत असतात. जगात इतकी गरिबी असताना माझ्या शोधनिबंधांचा त्या माणसांना काही उपयोग आहे का? कोणी म्हणतं, माझा विषय रसायनशास्त्र, गरिबी हा अर्थशास्त्राचा प्रांत. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते. निधी नाही, प्रयोगशाळा यथातथा आणि तासिकांतून डोकं वर काढायला सवड नाही.

हे प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवेत. जागतिक बँकेनं २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा खरेदीशक्तीच्या हिशेबानं दिवसाला ३ डॉलर अशी ठरवली. तिच्याखाली जगणारी माणसं ८० कोटींच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या कोणाचंही आयुष्य निबंध छापून आल्यामुळे आपोआप बदलत नाही. निबंध आणि गरिबाचं घर यांच्यामध्ये कोणाचा तरी निर्णय असतो. तो आईचा असेल, आशाताईचा, ग्रामसेवकाचा, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा किंवा मंत्रालयातल्या सचिवांचा असेल. तुमचं संशोधन त्या निर्णयापर्यंत पोचलं तरच उपयोगी पडतं. या लेखातल्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

आधी निर्णय शोधा, मग विषय ठरवा

विषय नक्की करून सारांश विद्यापीठाला सादर करण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

- हा निर्णय नेमकं कोण घेतं? ‘शासन’ हे उत्तर चालणार नाही. कोणता विभाग आणि कोणतं पद, ते लिहा.
- तो कधी घेतला जातो? वर्षातून एकदा, दर हंगामात की रोज?
- आज तो कशाच्या आधारावर होतो? जुन्या परिपत्रकाच्या, सवयीच्या की दबावाच्या?
- तुमचं उत्तर ‘हो’ आलं किंवा ‘नाही’ आलं, तर पुढे काय वेगळं घडेल? दोन्ही वेळी तेच घडणार असेल, तर प्रश्न बदला.

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चौथा. निर्धूर चुलीचं उदाहरण घ्या. कोणती चूल कमी धूर करते, हे प्रयोगशाळेत मोजता येतं आणि त्यावर पुष्कळ काम झालेलं आहे. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी वेगळा प्रश्न विचारला. घरात चूल आल्यानंतर पुढची चार वर्षं काय होतं? पहिल्या वर्षी बायकांच्या फुप्फुसात जाणारा धूर घटला. पुढे ती घट टिकली नाही. चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या आणि त्यांची डागडुजीही होत नव्हती. फुप्फुसांचं आरोग्य सुधारलं नाही आणि सरपणही वाचलं नाही. चुली वाटणाऱ्या संस्थेला धुराच्या आकड्यांपेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी आहे. तुम्ही अभियांत्रिकी शिकवत असाल तर नवा आराखडा काढण्याआधी जुना का मोडीत निघाला हे पाहून या. तो स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

‘माझ्या विषयाचा काय संबंध?’

- रसायन, भूशास्त्र: फ्लोराइड आणि नायट्रेट असलेल्या विहिरी, आणि कोणत्या महिन्यात कोणतं पाणी पिण्याजोगं आहे याची नोंद.
- भाषा: कोरकू, माडिया, भिल्ली बोलणारी मुलं पहिलीत मराठी पुस्तकाशी कशी झगडतात, याचा अभ्यास भाषेच्या प्राध्यापकाइतका चांगला कोणी करू शकत नाही.
- कायदा: वनहक्काचे दावे कोणत्या कारणांनी फेटाळले जातात आणि त्यांतली किती कारणं कायद्यात बसतात.
- वाणिज्य: बचत गटांच्या कर्जाचा खरा व्याजदर आणि विम्याचे नाकारलेले दावे.
- वैद्यक: सर्पदंश, विंचूदंश, सिकलसेल. मरणारे गरीब असल्यामुळे मोठ्या औषध कंपन्यांनी ज्यांकडे फारसं पाहिलेलं नाही असे आजार.

वैद्यकातलं एक उदाहरण महाडचं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिलं. त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि गंभीर दंशात दगावणाऱ्यांचं प्रमाण कमालीचं खाली आलं. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. होता तो रुग्ण आणि काटेकोर नोंदवही.

गडचिरोलीकडून काय शिकावं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेतलं काम बहुतेकांना ऐकून माहीत असतं. संशोधकांनी ते आदराबरोबरच पद्धत म्हणूनही वाचावं, असं मला आवर्जून सांगायचं आहे.

नवजात बाळं घरात मरत होती आणि दवाखाना लांब होता. उपचाराचा निर्णय त्या झोपडीतच, काही तासांत होणार होता. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, ताप आणि श्वास पाहायला शिकवलं. गुदमरलेल्या बाळाचं काय करायचं आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन कसं द्यायचं, हेही शिकवलं. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात आणि अनेक सुईणींना इतकं मोजता येत नव्हतं. तेव्हा मण्यांची चौकट आणि वाळूचं घड्याळ असं एक साधन बनवलं गेलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जलद आहे असं समजायचं. वैद्यकीय पुस्तकातला निकष न बदलता तो निरक्षर बाईच्या बोटांवर आणला गेला.

त्याच वेळी ३९ गावांत काम करताना दुसरी ४७ गावं तुलनेसाठी मोजली जात होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. काम झालेल्या गावांत तुलनेनं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. तुलनेची गावं नसती तर ‘मृत्यू असेही कमी होत होते’ असं म्हणणाऱ्याला उत्तर देता आलं नसतं. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं संयुक्त निवेदनातून नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारनं आशांमार्फत गृहभेटींचा कार्यक्रम देशभर नेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, ते त्यामुळेच.

१९९९ ते २०११ या बारा वर्षांकडे लक्ष द्या. इतका भक्कम पुरावा असूनही एवढा काळ लागला. तुमचं टिपण सहा महिन्यांत कोणी वाचलं नाही म्हणून ते फुकट गेलं असं मानू नका, पाठपुराव्याची वर्षं आधीच हिशेबात धरा.

एकदा यश आलं म्हणून थांबू नका

मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’नं पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी तिसरी-चौथीतल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन-गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या आणि परिणाम मोजला. मुलं पुढे गेली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं, त्यामागे अशाच कामांची मालिका आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग मात्र यानंतरचा आहे. हीच पद्धत सरकारी यंत्रणेत नेली तेव्हा ती ठेचकाळली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात ती वापरली तेव्हा मुलं शिकली. शाळेच्या वर्षात त्याच शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तर फारसं काही घडलं नाही. शिक्षक तेच होते, पण वर्षभर त्यांना अभ्यासक्रम पुरा करायचा होता. पुढे हरियाणात यासाठी वेळापत्रकात वेगळा तास ठेवला, इयत्तेऐवजी पातळीनुसार मुलं बसवली आणि देखरेख करणाऱ्यांनाही तयार केलं, तेव्हा परिणाम दिसला. झांबियासारख्या आफ्रिकी देशांत ही पद्धत गेली ती या सगळ्या अपयशांचा अभ्यास झाल्यावर.

इथे तालुक्याच्या प्राध्यापकाला मोठा वाव आहे. दुसरीकडे यशस्वी ठरलेली योजना तुमच्या तालुक्यात का चालत नाही, हे दिल्लीला किंवा बोस्टनला बसून कळत नाही. मोठा मूळ प्रयोग कराच असं नाही. ‘इथे ते का अडलं’ याचा प्रामाणिक अभ्यासही तितकाच मोलाचा आहे, आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे.

निधी नसेल तर कुठून सुरुवात करावी

- सरकारी सर्वेक्षणांची मूळ आकडेवारी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती, नावं वगळून, सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळते. कौटुंबिक खर्च, रोजगार, कर्ज, आजारपणावरचा खर्च असं सगळं त्यात आहे. जिल्ह्याच्या पातळीवर निष्कर्ष काढण्यापूर्वी नमुना पुरेसा आहे का ते तपासा. या ठिकाणी अनेक प्रबंध घसरतात.
- इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेची गावं. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातलं कानझरा आणि किनखेडा या गावांचा अभ्यास १९७५ पासून सुरू झाला. जगभरचे अभ्यासक ही माहिती वापरतात. आपल्या विद्यापीठांतून तिचा वापर व्हायला हवा तितका होत नाही, याची मला खंत वाटते.
- माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्यानुसार अर्जाला १० रुपये शुल्क, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. नाही मिळालं तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करा. कलम ४ नुसार बरीच माहिती कार्यालयानं न मागता जाहीर करायची असते. अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘योजना का रखडली?’ याला उत्तर मिळणार नाही. ‘योजनेच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ याला द्यावं लागतं.
- विद्यार्थी. रासेयोच्या शिबिरात सर्वेक्षण करता येतं, पण मुलांना आधी नीट प्रशिक्षण द्या आणि एकमेकांवर सराव करायला लावा. घाईत भरलेले पाचशे फॉर्म नीट भरलेल्या साठ फॉर्मांपेक्षा वाईट.

सोबतीला कोण आहे तेही पाहा. आयआयटी मुंबईचं ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, ‘सितारा’, १९८५ मध्ये सुरू झालं. ते विद्यार्थ्यांना पाणी, ऊर्जा, शेती यांच्या प्रश्नांवर गावांत पाठवतं. त्यांचे क्षेत्र-अहवाल कसे लिहिलेले असतात ते वाचलंत तर स्वतःचा आराखडा करणं सोपं जाईल.

माहिती देणाऱ्यांचे हक्क

गावात वही-पेन घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, “साहेब, घरकुलाच्या यादीत नाव लागेल का?” तिथे गप्प राहिलात तर मिळणारी सगळी माहिती त्या आशेनं रंगलेली असेल, आणि माणसं फसवली गेलेली असतील. पहिल्या मिनिटातच सांगा, “आम्ही सरकारकडून आलेलो नाही. यातून तुम्हाला काही मिळणार नाही, आणि नाही म्हणालात तर काही बंदही होणार नाही.” यावर काही जण दार लावून घेतील. तो त्यांचा हक्क आहे.

- संमती त्यांच्या भाषेत घ्या, समजावून घ्या. आरोग्यविषयक कामाला आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत आणि नीतिसमितीची मान्यता काम सुरू होण्याआधी लागते. मागच्या तारखेची मान्यता म्हणजे मान्यता नव्हे.
- रोज बुडवू नका. मजुरीच्या वेळी मुलाखत घ्यायची असेल तर बुडालेल्या वेळाची भरपाई अंदाजपत्रकात धरा. नाहीतर संध्याकाळी जा.
- नावं वेगळी ठेवा. नावांची यादी एका जागी, उत्तरं दुसऱ्या जागी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानं ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. छोट्या गावात ‘एकल महिला, दोन म्हशी’ एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो, हे लक्षात ठेवा.
- पारंपरिक ज्ञान आणि वनस्पतींवर काम असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा वाचा. निष्कर्ष परदेशी संस्थेला देण्याआधी राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागू शकते.
- निष्कर्ष परत न्या. ग्रामसभेत, त्यांच्या भाषेत. तिथे होणाऱ्या दुरुस्त्या अनेकदा परीक्षकांच्या शेऱ्यांपेक्षा नेमक्या असतात.
- वाटाड्या आणि दुभाषी यांचं काम लेखकाच्या तोडीचं असेल तर त्यांचं नाव लेखकांत घाला.

निबंध छापताना

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. युजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि संस्थेवर आली आहे. संपादक मंडळातल्या दोघांना पत्र लिहून खात्री करा. नाव परस्पर छापलेलं असेल तर लगेच कळतं.

स्वीकृतीनंतर येणारा करार सही करण्याआधी वाचा. बहुतेक प्रकाशक स्वीकृत हस्तलिखिताची प्रत, कधी ठरावीक मुदतीनंतर, संस्थेच्या भांडारात ठेवू देतात. ती ठेवाच. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत २०२५ पासून शासकीय उच्चशिक्षण संस्थांना नियतकालिकं खुली झाली आहेत, पण मेळघाटातल्या संस्थेच्या कार्यकर्त्याला किंवा गटविकास अधिकाऱ्याला त्याचा लाभ नाही. तुमचा निबंध ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच तो बंद राहतो.

दोन पानी टिपण

अधिकाऱ्याच्या हातात प्रबंध देऊ नका. मराठीत दोन पानं द्या. पहिल्या परिच्छेदात काय करायला हवं ते लिहा, दुसऱ्यात ते का, तिसऱ्यात किती खर्च आणि कोणत्या लेखाशीर्षातून शक्य आहे. पद्धतीची माहिती शेवटी. ‘पोषणस्थितीवर बहुविध घटकांचा लक्षणीय प्रभाव आढळला’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. ‘वजनकाटे बंद असलेल्या अंगणवाड्यांची यादी जोडली आहे, ते दुरुस्त झाल्याशिवाय कुपोषित मुलं नोंदीत येणार नाहीत’ असं लिहिलंत तर उद्या सकाळी कोणाला तरी फोन लावता येतो. निष्कर्षाची मर्यादाही त्याच दोन पानांत सांगा. लपवलेली मर्यादा बैठकीत उघडी पडली की पुढचं टिपण कोणी हातात घेत नाही.

वेळ साधा. ग्रामसभा एरवी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरनंतर वेग घेते. जिल्हा वार्षिक योजना अर्थसंकल्पाच्या आधीच्या महिन्यांत आकार घेते. मार्चअखेरीस खर्चाची धावपळ असताना नवी कल्पना घेऊन गेलात तर चहा मिळेल, निर्णय मिळणार नाही. अधिकारी बदलून जातात, म्हणून टेबल सांभाळणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यालाही एक प्रत द्या.

परदेशी भागीदारी

परदेशी निधी हवा असेल तर संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का ते पाहा. आरोग्य संशोधनातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याला केंद्राच्या छाननी समितीची मान्यता लागते. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: माहितीची मालकी, लेखकांचा क्रम आणि प्रतिकूल निष्कर्षही छापण्याची मोकळीक. परदेशी विद्यापीठांत काम करणाऱ्या मराठी संशोधकांना विनंती, इथल्या सहकाऱ्याकडून फक्त माहिती गोळा करून घेऊ नका. प्रश्न ठरवण्यापासून त्याला सोबत घ्या. आणि इथल्या अनुभवी मंडळींना एक सूचना. ‘ऑथरएड’सारख्या उपक्रमातून आफ्रिका-आशियातल्या तरुण संशोधकांना निबंधलेखनात मदत करता येते. त्यासाठी प्रवास लागत नाही.

आणि पदोन्नतीचं काय?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. तो मोकळेपणानं विचारायला हवा. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांच्या तक्त्यात धोरणविषयक दस्तऐवजाला गुण आहेत: राज्य पातळीवर ४, राष्ट्रीय पातळीवर ७ आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १०. अनेकांना हे माहीतच नसतं, त्यामुळे दिलेली टिपणं फायलीत तशीच राहतात. त्यासाठी टिपण संस्थेच्या पत्रासह अधिकृतपणे सादर करा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि बैठकीला बोलावणं आलं तर ते पत्र जपून ठेवा. पुढच्या कॅस मुलाखतीआधी हे सगळं आयक्यूएसी समन्वयकाला दाखवून कोणत्या रकान्यात बसतं ते विचारून घ्या, कारण काही ठिकाणी फक्त अहवालाची प्रत पुरत नाही, विभागाचं पोचपत्रही मागतात.